ला रोशेलचे ‘ते लोक’

लहानपणी मला वाटायचं की ला रोशेल हे गाव शेवगावच्या पुढे कुठेतरी असावं. याला कारण माझे वडील. ते नगरला मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि आठवड्यातून दोन दिवस आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत प्रचारकांच्या वर्गाला मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवायचे. तोच धडा जेवताना आम्हा बहीण-भावाला मिळायचा. “राजाच्या मंत्र्यानं, त्या कार्डिनल धर्मगुरूनं, आपल्या बंदराच्या तोंडावर बंधारा घातला,” ते सांगायचे, “आणि आपण चौदा महिने आत अडकलो. शेवटी आपण खोगिरांचं चामडं उकडून खाल्लं.” बंधारा नगर जिल्ह्यातल्या मुलाला नवा नव्हता. आणि ‘आपण’ म्हटल्यावर तर शंकाच नको. आपल्यातले कोणीतरी, मागे कधीतरी, तिकडे राहत असणार.

सातवीत नकाशा हातात आला तेव्हा कळलं की ते फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर आहे. सतराव्या शतकात ते आमच्याच पंथाच्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांचं, ज्यांना ह्युगेनॉट म्हणतात त्यांचं, सगळ्यात भक्कम ठाणं होतं. कॅथलिक राजानं ते उपाशी मारून घेतलं. तिथल्या एकाही माणसाशी आमचं रक्ताचं नातं नव्हतं. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते गावाच्या वेशीबाहेर राहत होते आणि त्यांनी फ्रान्सचं नावही ऐकलं नसणार. पण वडिलांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, रक्त सगळ्यांनाच असतं, त्यात काय सांगायचं. ज्यांनी एका गोष्टीसाठी चामडं खाल्लं, ते आपले.

पणजोबांनी धर्म बदलला, आडनाव बदललं नाही. आमचं आडनाव असं आहे की ते पाटलाचंही असू शकतं आणि वेशीबाहेरच्याचंही. नगरमध्ये याला काही अर्थ नव्हता, तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण मी दोन हजार एक साली पुण्यातल्या कंपनीच्या कामावर इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आलो, तेव्हा या आडनावानं माझी मोठी सोय केली.

पहिले दोन महिने मी ऑफिसमधल्या एका पुण्याच्या मित्राकडे राहिलो. माणूस मनानं चांगला. स्टेशनवर घ्यायला आला, जीपीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी डॉक्टरकडे, नाव नोंदवून दिलं, कुठल्या दुकानात कोथिंबीर जुडीनं मिळते ते दाखवलं. पहिल्याच जेवणाला त्याच्या बायकोनं विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?” मी गावाचं नाव सांगितलं. तिला गाव नको होतं हे मला समजत होतं. आडनाव आणि गाव जोडून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि मी दुरुस्ती केली नाही. पुढे एकदा ऑफिसातल्या एका देशी माणसाचा विषय निघाला. सहा महिन्यांत तो गोऱ्यांपेक्षा गोरं इंग्रजी बोलायला लागला होता. मित्र म्हणाला, “बाटग्याची बांग मोठी.” सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जोरात हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर सांगायला उशीर झाला, आणि मग उशीर झाला हेच न सांगण्याचं कारण झालं. पत्नी आणि मुलगी आल्या. आम्ही मराठी मंडळाचे सभासद झालो. दर गणपतीला शाळेचा हॉल घेतला जायचा, आणि मी आरत्या म्हणायचो, सगळ्या कडव्यांसकट, कागद न बघता. आमच्याकडे वचनांचं कॅलेंडर असतं, रोजच्या तारखेखाली शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन छापलेलं. पुण्याच्या घरी ते बाहेरच्या खोलीत होतं. रीडिंगला मी ते वर बेडरूममध्ये लावलं. पत्नी एवढंच म्हणाली की मला कुणी विचारलं तर मी सांगेन. विचारत नाहीत हे तुमचं नशीब.

दोन हजार सात सालच्या जुलैमध्ये वडील आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सहा महिन्यांचा व्हिसा होता. पण मुलगा-सून-नात यांच्याखेरीज त्यांना आणखी एक गोष्ट बघायची होती. साउदॅम्प्टनहून ला रोशेलला विमान जातं हे त्यांनी नगरला बसून, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर शोधून काढलं होतं. “दीड तास,” ते मला फोनवर म्हणाले होते. “पुण्याला जायला आम्हाला तीन लागतात.” त्या बंधाऱ्याचे दगड ओहोटीला अजून वर दिसतात असं त्यांनी वाचलं होतं. त्यांना ओहोटीच्या वेळी तिथे उभं राहायचं होतं. तिथे करायचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सलाम करायचा.”

सलाम हा आमचा नमस्कार. नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना भेटले की सलाम म्हणतात, पत्राची सुरुवात सलामानं करतात. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. वडील आल्याच्या आठवड्यात मित्र त्यांना भेटायला आला तेव्हा ते खुर्चीतून उठले, उजवा हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, “सलाम.” मित्र जरा गोंधळला, मग हसून म्हणाला, “काका, मिलिटरीत होतात का?”

“शाळेत एनसीसी होती त्यांच्याकडे,” मी म्हणालो.

हे खरं होतं. दहा-बारा वर्षं एनसीसी त्यांच्याकडे होती. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मित्राला बसा म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी विचारलं, “याला आपण कोण ते माहीत नाही?”

“विषय निघाला नाही कधी.”

“सहा वर्षांत?”

मी कप उचलून आत गेलो.

ते दर रविवारी चालत एका इंग्रजी चर्चमध्ये जायला लागले. वीस मिनिटांचा रस्ता. तिथे बारा-पंधरा म्हाताऱ्या बायका आणि तीन पुरुष असायचे. उपासना झाली की चहा आणि कोरडा केक. ते खुशीत परत यायचे. तिथल्या एका बाईनं त्यांना पहिल्याच रविवारी विचारलं होतं की तुम्ही कधी ख्रिश्चन झालात, आणि त्यांनी सांगितलं होतं की बाई, तुमच्या आजोबांनी चर्च सोडलं असेल त्याच सुमारास. हा किस्सा त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितला. मी मित्रांना सांगायचो की वडील सकाळी फिरायला जातात.

फ्रान्सचा व्हिसा वेगळा लागतो. लंडनला दोन चकरा मारून तो मिळाला. गणपतीनंतरच्या आठवड्याची तिकिटं मी काढली. शेंगेन व्हिसाचा तो स्टिकर वडील रोज पासपोर्ट उघडून बघायचे आणि नातीला दाखवायचे. ती तेव्हा दहा वर्षांची होती. संध्याकाळी ते तिला ला रोशेल सांगायचे, आम्हाला सांगितलं होतं तसंच. आपला बंधारा, आपली खोगिरं.

मंडळात त्या वर्षी एक नवी कल्पना निघाली. भारतातून आलेल्या आईवडिलांपैकी एकानं गणपतीच्या दिवशी आवडीच्या विषयावर वीस मिनिटं बोलायचं. मित्र सेक्रेटरी होता. इतिहासाचे शिक्षक म्हटल्यावर तो थेट घरी आला. वडिलांनी विषय लगेच सांगितला. मित्राला तो फारच आवडला. “वेढा? भारीच. म्हणजे शिवकालाच्या जरा आधीचं, काका. आपल्या लोकांना वेढे फार आवडतात.” वडील हसले आणि म्हणाले की आवडतात, पण बाहेरून बघायला.

मग दोन आठवडे मला नीट जेवण गेलं नाही. ते बोलायला उभे राहिले की आधी सलाम म्हणणार आणि दुसऱ्या वाक्यात ‘आपण’ येणार, हे मला पाठ होतं. हॉलमध्ये दीडशे माणसं असणार. आणि मला त्यांचा राग वाटायला लागला. खरं म्हणजे मी चिडलो होतो त्यांच्या सहजपणावर. जे मला सहा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं ते हा माणूस वीस मिनिटांत, चष्मा पुसता पुसता करणार होता.

एका शनिवारी ते मागच्या बागेत त्यांनी लावलेल्या मेथीतलं तण काढत होते. मी बाहेर गेलो.

“पप्पा, विषय चांगला आहे. फक्त ‘आपण’ म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“ते लोक म्हणा. इतिहासात तसंच म्हणतात.”

ते उकिडवे बसले होते तसेच माझ्याकडे वळले. “चाळीस वर्षं शिकवलंय मी. इतिहासात काय म्हणतात ते सांगू नकोस. तुला काय पाहिजे ते सांग.”

मी सांगितलं. तुम्ही जानेवारीत जाल, मला इथे राहायचं आहे, असं म्हणालो. ही माणसं वाईट नाहीत, पण एकदा कळलं की पुढचा प्रश्न येतो, ख्रिस्ती म्हणजे आधीचे कोण, आणि त्याचं उत्तर मला माझ्या जेवणाच्या टेबलावर नको आहे, असंही म्हणालो. इथपर्यंत मी निदान माझ्याबद्दल बोलत होतो. ते पुन्हा मेथीकडे वळले. मग मी मुलीला पुढे केलं. म्हणालो, तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथल्या आहेत, तिला उद्या कुणी बोलावलं नाही तर तुम्हाला चालेल का.

हे खोटं होतं. तिच्या मैत्रिणींमध्ये दोन पोलिश होत्या, एक घानाची होती, आणि त्यांना या कशाशी काही देणंघेणं नव्हतं. पण मला माहीत होतं की नात म्हटलं की ते हरतील.

त्यांनी तणाच्या आणखी दोन-तीन काड्या उपटल्या. “आणि सलाम?”

“नमस्कार म्हणा.”

“बरं,” ते म्हणाले.

गणपतीच्या दिवशी त्यांनी त्यांचा निवृत्तीच्या वेळचा सूट घातला. हॉलमध्ये मी नेहमीप्रमाणे मागे होतो. मंडळात हॉलची चावी, खुर्च्या आणि गाड्यांचं पार्किंग हे माझं काम असायचं. वडील माइकपाशी गेले आणि त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

ते फार चांगलं बोलले. इतकं चांगलं मी त्यांना पूर्वी बोलताना ऐकलं नव्हतं. तिथल्या महापौरानं टेबलावर खंजीर ठोकून, जो शरण जायचं नाव काढेल त्याला याच खंजिरानं मारा, असं कसं सांगितलं ते त्यांनी सांगितलं. समोर पुणे, सातारा, नागपूरचे लोक, किल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेले. पोरंसुद्धा गप्प झाली. इंग्रजांनी मदतीचं वचन दिलं होतं, त्यांचं आरमार आलं, त्यानं बंधारा बघितला आणि ते परत गेलं, असं ते म्हणाले तेव्हा कुणीतरी “कौन्सिलचे लोक असणार” म्हणालं आणि इथल्या नगरपालिकेचा अनुभव असलेला हॉल हसला. वडीलही हसले. आणि प्रत्येक वाक्यात ते लोक. त्या लोकांनी चामडं खाल्लं. त्यांची पोरं रस्त्यात मेली. त्यांनी शेवटी दरवाजे उघडले.

मला वाटलं होतं ते इथे थांबतील. ते थांबले नाहीत. वेढ्यानंतरही त्या लोकांना आपला धर्म ठेवता आला, ते म्हणाले, पण पुढे नातवंडांच्या काळात नवा राजा आला आणि त्यानं तीही सवलत काढली. घराघरांत सैनिक आणून बसवले. कागदावर सही करा, आम्ही जुना धर्म सोडला म्हणून, की सैनिक जातील. बहुतेकांनी सही केली. दिवसा ते राजाच्या धर्माच्या उपासनेला जायचे आणि घरी खिडक्या लावून आपली जुनी स्तोत्रं म्हणायचे. काही जण बोटीनं पळून लंडनला आले. इथे त्यांचं स्वतःचं चर्च होतं. पण त्या चर्चनं त्यांना लगेच प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसू दिलं नाही. आधी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, की मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.

समोरून एकानं विचारलं, म्हणजे परत कन्व्हर्ट करून घ्यायचे का. वडील म्हणाले, नाही, फक्त मधलं खोटं होतं एवढं बोलायला लावायचे.

मग तिसऱ्या रांगेतला एक तरुण उठला. मंडळात नवा होता. त्यानं अगदी आदरानं विचारलं, “काका, तुम्ही इतकं मनापासून सांगितलंत. या लोकांशी तुमचा काय संबंध?”

वडिलांनी चष्मा काढला. त्यांनी हॉलच्या मागे, माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ते तीन-चार सेकंद थांबले असतील. त्या वेळात मी मान हलवू शकलो असतो. सांगा, पप्पा, एवढंच. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

“संबंध काही नाही,” ते म्हणाले. “वाचनात आलं.”

टाळ्या झाल्या. शाल आणि नारळ दिला. आरतीच्या वेळी मित्र त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला की काका, तुम्ही दमला असाल, आरतीला उभं राहायची गरज नाही, इथे बसून घ्या. मला तो त्याचा चांगुलपणा वाटला. मी आरती म्हटली.

परत येताना गाडीत मुलगी मागे आजोबांशेजारी बसली होती. तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत तिनं विचारलं, “पण आजोबा, ती स्टोरी आपला होता ना? तुम्ही ‘ते’ का म्हटला?”

पत्नी खिडकीबाहेर बघत राहिली. मी आरशात बघायचं टाळलं.

“आपलीच आहे, बाळ,” वडील म्हणाले. “चुकलो मी.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते तयार झाले नाहीत. बरं वाटत नाही का, असं पत्नीनं विचारलं तर म्हणाले, बरं आहे, पण आज नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या केक घेऊन दारात आल्या. वडिलांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि आपल्याला सध्या येता येणार नाही एवढंच सांगितलं. आमच्या मंडळीत शिस्तीखाली असलेला, म्हणजे चूक करून ती अजून सगळ्यांसमोर कबूल न केलेला, माणूस प्रभुभोजन घेत नाही, हा नियम त्यांनी स्वतः नगरला मंडळीचे पंच असताना किती तरी जणांना लावला होता. आता तो स्वतःला लावला. त्या बायकांना यातलं काय कळणार? त्या केक ठेवून गेल्या.

आणि ला रोशेल. गणपतीनंतरच्याच आठवड्यात, जायच्या दोन दिवस आधी मी त्यांची बॅग भरायला काढली. ते म्हणाले, राहू दे. मला आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, “तिथे आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

मी वाद घातला. मी म्हणालो, पप्पा, ते सगळे मरून तीनशे वर्षं झाली, तिथे तुम्हाला कोण विचारणार आहे.

“कुणी विचारणार नाही, म्हणूनच नको.”

मग मी पहिल्यांदा खरं बोललो. म्हणालो, ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी बोललात, दोष माझा आहे, तुमचा नाही.

“दोष तुझा असेल,” ते म्हणाले. “तोंड माझं होतं.”

यात राग नव्हता, हेच मला सोसलं नाही. ते ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो आणि हिशोब कुठेतरी मिटला असता. त्यांनी पासपोर्ट उचलला, स्टिकरचं पान न उघडता कपाटात ठेवला आणि मेथीला पाणी घालायला गेले. आमच्या घरात पुन्हा ला रोशेलचं नाव निघालं नाही. नातीनंही काढलं नाही.

व्हिसा जानेवारीपर्यंत होता. ते नोव्हेंबरमध्येच परत गेले. थंडी सोसत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बहिणीचा नगरहून फोन आला. घाबरलेली होती. प्रभुभोजनाच्या आधी पप्पा उभे राहिले, ती म्हणाली, पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की परमुलखात मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, मंडळीनं मला क्षमा करावी. कोणी विचारलं, कशाबद्दल, काही सांगितलं नाही. पाळकसाहेबांना वाटलं, वय झालं. ते म्हणाले, गुरुजी, बसा. पण पप्पा बसेनात. मंडळीनं एकत्र ‘क्षमा केली’ म्हटलं तेव्हाच बसले.

“दादा, तिकडे झालं काय?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “थंडीनं जरा हळवे झालेत.”

मराठीत एक शब्द आहे, बाटवणं. आमच्या पणजोबांना मिशनऱ्यांनी बाटवलं, असं गावातले लोक म्हणायचे. भाकरीसाठी बाटले, असंही. वडील या शब्दावर कधी चिडायचे नाहीत. ते म्हणायचे, पणजोबांना कुणी बाटवलं नाही, ते स्वतःच्या पायानं चालत गेले, आणि आपल्या घरात आजवर कुणी कुणाला बाटवलेलं नाही. हे वाक्य त्यांना पुढे म्हणता आलं नसणार. मी त्यांना बाटवलं. घरात सैनिक बसवावे लागले नाहीत. बागेतली दहा मिनिटं पुरली.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये ते गेले. झोपेतच गेले. मी पोचलो तेव्हा दफन व्हायचं होतं. विमानात मी ठरवलं होतं की चर्चमध्ये उभं राहून सगळं सांगायचं. त्या दिवशी ते कुणासाठी उभे राहिले होते ते मंडळीला कळलं पाहिजे. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी पुढे गेलो. बहीण पहिल्या बाकावर होती. त्यांचे जुने विद्यार्थी होते, काही आता म्हातारे. मी म्हणालो, माझे वडील इतिहास फार चांगला शिकवायचे. मी म्हणालो, इतक्या उन्हात तुम्ही आलात, कुटुंबातर्फे आभारी आहे. आणि बसलो. पाळकसाहेबांनी इतक्या लांबून आल्याबद्दल माझे आभार मानले.

रीडिंगला परतलो तेव्हा पत्नीनं वचनांचं कॅलेंडर खाली बैठकीत आणून लावलेलं होतं. मला विचारलं नव्हतं. मी काढलं नाही.

त्याच आठवड्यात मित्र आणि त्याची बायको भेटायला आले. पिठलं-भाताचा डबा घेऊन आले. कॅलेंडरच्या बरोबर समोर बसले. काका किती छान बोलले होते, अशी आठवण त्यांनी काढली. दहावं-तेरावं यांचं काही विचारलं नाही. ते माझ्या नंतर लक्षात आलं. मी म्हणालो, “एक सांगायचं होतं. आम्ही ख्रिस्ती आहोत.”

मित्रानं कप खाली ठेवला. “माहीत आहे रे.”

त्याची बायको म्हणाली की दुसऱ्याच वर्षी मुलीच्या वाढदिवसाला ती वरच्या बाथरूमला गेली होती तेव्हा बेडरूमचं दार उघडं होतं. “तुम्हाला अवघड वाटायला नको म्हणून आम्ही कधी बोललो नाही,” ती म्हणाली. आणि ते खरं असणार. पण माझ्या डोक्यात एकदम सगळं उलटं फिरलं. आठ वर्षं मी खुर्च्या लावत होतो आणि समजत होतो की मला ते काम चांगलं जमतं. मूर्ती कधी माझ्या हातात दिली गेली नाही. पत्नीला दरवर्षी पेपर प्लेट्स आणायला सांगायचे, नैवेद्याचे मोदक कधी सांगितले नाहीत. वडिलांना आरतीला बसवलं होतं. मी पत्नीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिला ते प्लेट्सवरूनच केव्हाच कळलेलं होतं.

“मग त्या दिवशी?” मी विचारलं. “भाषणाच्या वेळी?”

“तो प्रश्न विचारणारा नवीन होता, त्याला माहीत नव्हतं,” मित्र म्हणाला. “बाकी बहुतेकांना होतं. काका ‘वाचनात आलं’ म्हणाले ना, तेव्हा ही मला हळूच म्हणाली, बिचारे.”

बिचारे. वडिलांना आयुष्यात कुणी बिचारे म्हटलं नव्हतं. गावातल्या ज्या लोकांनी आजोबांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं त्यांनीही म्हटलं नव्हतं. हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती, त्यांतल्या बहुतेकांना तो माणूस कोण आहे हे माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर मी त्याला ते वाक्य बोलायला लावलं, कुणाचाही त्यावर विश्वास बसणार नव्हता तरी.

मी मित्राला म्हणालो की या गणपतीला मला वीस मिनिटं दे. मला ला रोशेलवर बोलायचं आहे, आणि ‘आपण’ म्हणून बोलायचं आहे.

 मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. या वर्षीचा कार्यक्रम ठरलाय, तो म्हणाला, पोरांची नाटुकली आहे, शिवाय सगळं नीट चाललंय, उगाच कशाला लोकांना अवघडून टाकायचं. पुढच्या वर्षी बघू. तो प्रेमानं बोलत होता. त्याची बायको डबा मोकळा करून द्यायला पत्नीबरोबर आत गेली.

पुढच्या वर्षी मी विचारलं नाही. आणि तो ‘बघू’ म्हणाला त्या क्षणी मला हलकं वाटलं, हेही इथे लिहायला हवं. वडील असते तर त्यांनी मला तेवढ्यासाठीच मंडळीसमोर उभं राहायला लावलं असतं.